राद्काबाईची मुलगी

"वन्सं, दुकानातलं कॉम्प्युटरचं मशीन चालूच होत नाही हो. नुसतं बोंबलतं आणि गप्प होतं," इस्क्रा दारातूनच म्हणाली. आत यायची तिची हिंमत नव्हती.

वेनेत्का जेवत होती. पाव, पांढरं चीज आणि मी आणलेली लोणच्यातली मिरची. तिने मान वर केली नाही. मी शेजारी स्टुलावर बसले होते, आणि मला आतून जो आनंद झाला तो दिसू नये म्हणून खिडकीबाहेर बघायला लागले.

आधीच सांगून टाकते, मी सुडाच्या विरोधात नाही. माझं दुकान स्मशानाच्या रस्त्यावर आहे, मी मेणबत्त्या आणि पुष्पचक्रं विकते. मेलेल्यांना क्षमा करणारी माणसं मी रोज बघते. मेलेला उलट बोलत नाही, त्यामुळे ते सोपं जातं. जिवंत माणसाला क्षमा करणारं कोणी मला या लोम गावात अजून भेटायचं आहे.

"काय बदललंस?" वेनेत्काने विचारलं.

"मेमरी. दोन नव्या पट्ट्या मागवल्या. अलीकडे लोक फोनवरचे एवढाले फोटो आणतात, मशीन अडकून बसायचं. म्हटलं, मेमरी वाढवू."

"कोणी बसवल्या?"

"मीच. व्हिडिओ बघून."

"जुनी पट्टी परत घालून बघितलीस?"

"बघितली ना. तीही बोंबलते. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच्या काळा. वन्सं, परवा मृतांचा शनिवार आहे. सगळं गाव दुकानात उभं आहे हो."

हे खरं होतं. मृतांच्या शनिवारी आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या माणसाचं स्मरणपत्रक लावतं. काळी चौकट, फोटो, नाव, चार ओळी, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं. फाटकावर लावतात, विजेच्या खांबावर लावतात, बसथांब्यावर लावतात. आमचं गाव वर्तमानपत्र वाचत नाही, खांब वाचतं. आणि ही पत्रकं छापणारं दुकान गावात आता एकच उरलं होतं, इस्क्राचं. इस्क्रा ही वेनेत्काच्या धाकट्या भावाची, गेन्चोची बायको.

"नाही म्हण," मी इस्क्रासमोरच म्हणाले. "वेनेत्का, सरळ नाही म्हण. उद्या सगळं गाव हिच्या नावाने बोटं मोडू दे. मी खुर्ची टाकून बघत बसेन."

इस्क्राचा चेहरा पडला. वेनेत्काने शांतपणे मिरचीचं देठ ताटलीच्या कडेला ठेवलं, हात पुसले आणि टेबलाच्या खणातून तीन वस्तू काढल्या. शाळेतल्या पोरांचा खोडरबर, छोटी विजेरी आणि भुवया कोरायचा चिमटा.

"चल," ती म्हणाली.

मला इतका राग आला की मी तिच्या पाठोपाठ निघाले. माझं दुकान उघडं टाकून.

वेनेत्काला तुम्ही रस्त्यात बघितलंत तर पुन्हा ओळखणार नाही. बुटकी, राखाडी कोट, कोटाच्या खिशात स्क्रू. गावातलं रेडिओदुरुस्तीचं सरकारी केंद्र बंद पडलं तेव्हा आपलं तारांना डाख द्यायचं यंत्र ती पिशवीत घालून घरी घेऊन आली, आणि आईच्या घरातल्या पुढच्या खोलीत बसली. आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, पण मुलाला सोफियाला जायचं होतं आणि वेनेत्काच्या आईला गाव सोडायचं नव्हतं. ही आई म्हणजे राद्काबाई, शेवटची वर्षं अंथरुणाला खिळल्यासारख्याच होत्या. वेनेत्का त्यांना उचलून पुढच्या खोलीत खुर्चीत बसवायची, गुडघ्यांवर घोंगडी घालायची आणि काम करायची. एखादं मशीन ओरडायला लागलं की राद्काबाई म्हणायच्या, "अगं, भूक लागली असेल त्याला, काहीतरी घाल त्याच्या तोंडात." आणि स्वतःच हसायच्या. पुढे दात नव्हते, त्यामुळे ते हसू सगळ्या तोंडभर पसरायचं.

शेवटच्या आठवड्यात गेन्चो गाडी घेऊन आला. आईला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणाला. राद्काबाईंनी पलंगाची कड धरली ती सोडेनात. "मला माझ्या भिंती बघत मरू दे," म्हणाल्या. मी तिथे होते, माझ्या कानांनी ऐकलंय. वेनेत्का दारात आडवी उभी राहिली. गेन्चो ओरडून ओरडून निघून गेला, आणि चार दिवसांनी आई गेली.

दुसऱ्या दिवशी तो खळीचा डबा आणि ब्रश घेऊन आला आणि फाटकावर पत्रक चिकटवलं. 'शोकाकुल: मुलगा गेन्चो, सून इस्क्रा, नातवंडं.' वेनेत्का अंगणात आईच्या चादरी धूत होती. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. तिला वाटलं, छापताना ओळ राहिली.

"गेन्चो, माझं नाव राहिलं रे," ती म्हणाली.

"राहिलं नाही. घातलं नाही," तो म्हणाला. "जिने आईला डॉक्टरांपर्यंत पोचू दिलं नाही, तिचं नाव आईच्या खाली मी लिहिणार नाही."

चाळिसाव्या दिवसाच्या पत्रकातही नाव नव्हतं. सहा महिन्यांच्याही नव्हतं. सगळ्या गावाने वाचलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे लोक तोंडावर बोलत नाहीत, मागून पोटभर बोलतात. कळस केला तो बेकरीच्या नव्या बाईने. ही नेव्येना गेल्या वसंतात दुसऱ्या गावाहून आलेली. पाव देता देता तिने अगदी प्रेमाने विचारलं, "तुम्ही त्या राद्काबाईंकडे कामाला होतात ना हो? फार केलंत म्हणे त्यांचं. आता दुसरीकडे काम मिळालं का?"

वेनेत्काने पाव घेतला आणि "अजून नाही" म्हणाली. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती हसली होती. मी त्या दिवसापासून त्या बेकरीतून पाव घेत नाही.

आणि आता वर्ष भरत होतं. इस्क्रा आली त्याच दिवशी, गुरुवारी सकाळी, दुकान उघडायला जाताना मी बघितलं, वेनेत्काच्याच फाटकावर वर्षश्राद्धाचं पत्रक लागलेलं. मशीन बिघडायच्या आधी गेन्चोने आपलं काम उरकून घेतलं होतं. ओळखपत्रावरचा फोटो, डोईला घट्ट काळा रुमाल, ओठ मिटलेले, राद्काबाई कोणाला तरी दम देत असल्यासारख्या. खाली मुलगा, सून, नातवंडं. बस.

म्हणून म्हणते, ती खोडरबर घेऊन निघाली तेव्हा मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटत होता.

इस्क्राच्या दुकानात खरंच पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात कोणी ना कोणी मेलेलं. फ्रेममधले, पाकिटातले, फोनमधले. मासेमारी करणारा मित्को भावाचा फोटो छातीशी धरून उभा होता. बेकरीची नेव्येना सासऱ्यांना घेऊन आली होती. वेनेत्का आत शिरली तशी सगळ्यांनी वाट करून दिली.

"बघा, आली एकदाची," मित्को म्हणाला. "वेनेत्काबाई, आमच्या भावाला शनिवारपर्यंत खांबावर चढवा हो. जिवंतपणी त्याला कधी काही वेळेवर मिळालं नाही."

वेनेत्काने प्लग काढला. मग चालू करायचं बटण दाबून धरलं.

"प्लग काढल्यावर बटण कशाला?" कोणीतरी विचारलं.

"आत उरलेली वीज जाऊ दे म्हणून," ती म्हणाली. "वरून मेलेलं दिसतं, आत थोडा जीव असतो. तेव्हा हात घातला तर बसतो झटका."

तिने झाकण काढलं, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, आणि एकेकीची सोनेरी कड खोडरबरने घासायला लागली. सावकाश. वर्गात पहिला नंबर काढायचा असावा अशी. मला वाटलं, ही मुद्दाम वेळ काढतेय. मग वाटलं, नाही, ही अशीच आहे, भावाने थोबाडीत मारली तर त्याच्या हाताला लागलं का विचारेल.

एक पट्टी पहिल्या खाचेत घातली, चालू केलं. मशीन बोंबललं. बंद. दुसरी नवी पट्टी त्याच खाचेत. बोंबललं. जुनी पट्टी त्याच खाचेत. तेच.

"बोर्डच गेला ना, वन्सं?" इस्क्राचा आवाज रडवेला झाला. "गेला असेल तर सांगा. मी या लोकांना काय सांगू?"

"तीन पट्ट्या एकदम मरत नाहीत," वेनेत्का म्हणाली. "रोग पट्टीला नाही, जागेला आहे."

तिने जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. पंखा फिरला. मशीनने एकच लहानसा आवाज केला, आणि पडदा उजळला. दुकानात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मित्कोने छातीवर क्रूस केला, भावासकट.

वेनेत्काने लगेच मशीन पुन्हा बंद केलं. प्लग काढला. विजेरी पहिल्या खाचेवर धरून वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"इस्क्रा, मशीन उघडं होतं तेव्हा कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"आठव."

इस्क्राचे कान लाल झाले. "पाद्रीबाबा आले होते. दर महिन्याला येतात ना दुकान पवित्र करायला. मी झाकण काढलेलं होतं, त्यांनी विचारलं हे काय, मी म्हटलं नवीन मेमरी बसवतेय. तर ते म्हणाले, मग यालाही आशीर्वाद देऊ." ती थांबली. "मी लगेच पुसलं हो. टिपकागदाने. एक थेंब ठेवला नाही."

वेनेत्काने चिमटा खाचेत घातला आणि एक काळपट, वाळकं पान बाहेर काढलं. तुळशीचं. पाद्रीबाबा तुळशीच्या जुडीनेच पाणी शिंपडतात. पान खाचेच्या तळाशी चिकटलं होतं, त्यावर कोणतीही पट्टी दाबली तरी ती पुरती टेकणार नव्हती.

अख्खं दुकान हसलं. "पाद्रीबाबांनी मशीनलाच शेवटची प्रार्थना ऐकवली!" मित्को ओरडला. इस्क्राही हसली, कारण आता संकट टळलं होतं. वेनेत्का मात्र हसली नाही. खाच साफ करून तिने दोन्ही नव्या पट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या खट खट लागल्या. चालू केलं. मशीन उठलं आणि मेमरी पुरती मोजली.

"देव तुमचं भलं करो, वन्सं," इस्क्रा म्हणाली आणि खुर्चीकडे आली.

वेनेत्का खुर्चीतून उठली नाही.

"नीट चालतंय का बघायला एक पान छापावं लागेल," ती म्हणाली.

तिने कोटाच्या आतल्या खिशातून आपला फोन काढला आणि मशीनला जोडला. पडद्यावर राद्काबाई उघडल्या. पुढच्या खोलीतल्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, मांडीवर कोणाचातरी मोडका कीबोर्ड, आणि ते बिनदातांचं तोंडभर हसू. वेनेत्काने काळी चौकट घेतली, फोटो बसवला, नाव टाइप केलं, तारखा टाइप केल्या. मग एका बोटाने, एकेक अक्षर:

'शोकाकुल: मुलगी वेनेत्का.'

आणि पूर्णविराम. छापायचा हुकूम दिला आणि प्रतींच्या रकान्यात पन्नास घातले. प्रिंटर घरघरायला लागला.

तेव्हा मला कळलं. ही आली होती ती याचसाठी. फोटो आधीच खिशात होता. मी, जी स्वतःला सुडातली जाणकार समजते, मी तिला भोळी समजत होते! माझ्या अंगावर इतका सुखाचा काटा आला की मी मित्कोचा दंड धरला.

इस्क्राने तोंडावर हात ठेवला आणि मागच्या दाराने पळाली. गेन्चो मागच्या अंगणात कागदाचे गठ्ठे उतरवत होता. तो हात झटकत आत आला, ट्रेमधलं वरचं पान उचललं आणि वाचलं.

"हे काय?"

"पत्रक," वेनेत्का म्हणाली.

"माझं नाव कुठाय?"

"हेच मी वर्षभर विचारतेय."

गर्दीतून कोणाचा तरी खोकला आला. गेन्चोचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग मानेपासून वर लाल. तो आडदांड माणूस आहे, पण त्या क्षणी त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

"ताई, मी मुलगा आहे तिचा," तो म्हणाला.

"असशील. मी कुठे नाही म्हणाले? मी लिहिलं नाही एवढंच."

"लोक काय म्हणतील? तिला मुलगाच नव्हता?"

"मला विचार लोक काय म्हणतात. मला लोकांनी विचारलं, तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात का."

मी नेव्येनाकडे बघितलं. ती सासऱ्यांच्या फोटोआड लपायचा प्रयत्न करत होती. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मुलगी होय त्यांची..." तिचे डोळे भरून आले. मला तिची कीव आली नाही. पण पाव पुन्हा घ्यायला हरकत नाही असं मनात आलं.

"वन्सं, ऐका ना," इस्क्रा मध्ये आली. "सगळे मिळून नवीन करू. तुमचं नाव सर्वांत वर घालते, गेन्चोच्याही वर. आधीचं फाटकावरचं मी स्वतः खरवडून काढते. गेन्चो, सांग ना रे!"

गेन्चोने त्या पानातल्या हसणाऱ्या बाईकडे बघितलं. हा फोटो त्याने कधी पाहिलेला नसणार, कारण तो पुढच्या खोलीत कधी बसलाच नव्हता. "घाल," तो म्हणाला. "दोघांचीही नावं घाल. चुकलं माझं. बस?"

सगळं दुकान वेनेत्काकडे बघत होतं. मीही. खरं सांगायचं तर एवढंच तिला हवं होतं. फाटकापाशी ओल्या हातांनी उभी राहून तिने एवढंच मागितलं होतं.

"पहिल्या दिवशी म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर मी तुझे पाय धुतले असते."

तिने पन्नास पानं टेबलावर आपटून सारखी केली, बगलेत घातली, फोन काढून घेतला. मग इस्क्राला म्हणाली, "पुढच्या वेळी झाकण लावून घे, मग आशीर्वाद घे." आणि निघाली. लोकांनी येताना दिली होती त्याहून मोठी वाट दिली.

शनिवारी सकाळी मी खळीचा डबा धरला आणि तिने ब्रश. बसथांबा, दवाखान्याची भिंत, नदीकडे उतरणारे खांब. जिथे जिथे गेन्चोची काळ्या रुमालाची राद्काबाई होती, तिथे तिथे शेजारी आम्ही हसणारी लावली. मी म्हणत होते, त्याच्या वर चिकटव, झाकून टाक. तिने ऐकलं नाही. प्रत्येक कागदाची कड अगदी त्याच्या कडेला लावून चिकटवत गेली. माझा उत्साह नुसता ओसंडत होता, मी प्रत्येक खांबापाशी काही ना काही बोलत होते. ती तोवर पुढच्या खांबाकडे निघालेली असायची.

शेवटचं पान तिच्या घराच्या फाटकाला. ते लावून झालं तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली. ब्रशवरून खळ तिच्या बुटावर ठिबकत होती. दोन पत्रकं, दोन चौकटी. एका बाईला मुलगा, सून, नातवंडं होती आणि हसू नव्हतं. दुसरीला हसू होतं आणि एक मुलगी.

"झालं," मी म्हणाले. "आता बसू दे त्याला जन्मभर वाचत."

"हो," वेनेत्का म्हणाली. पण ती ज्या आवाजात म्हणाली तो मला आवडला नाही.

स्मशानाकडे निघालेली एक म्हातारी काठी टेकत आली. आमच्या गावची नव्हती, पहिल्या बसने आली असावी. फाटकापाशी थांबली, डोळे बारीक करून बघू लागली.

"चष्मा घरी राहिला गं बायांनो," ती म्हणाली. "अक्षरं काही दिसत नाहीत. दोघी गेल्या का या घरातल्या?"

मी तोंड उघडलं, पण वेनेत्का आधी बोलली.

"ही माझी आई," तिने हसणारीकडे बोट दाखवलं.

"आणि ही?"

वेनेत्का काळ्या रुमालाकडे बघत राहिली. "ती माझ्या भावाची," ती म्हणाली.

म्हातारीला काय कळलं कोण जाणे. तिने मान हलवली आणि क्रूस केला. वेनेत्काने फाटकाच्या कट्ट्यावर ठेवलेला डबा उघडला. त्यात तिने पहाटे शिजवलेले, साखर आणि अक्रोड घातलेले, मृतांच्या नावाने वाटायचे गहू होते. एक मूठ काढून म्हातारीच्या ओंजळीत घातली.

"राद्काच्या नावाने," ती म्हणाली.

"देव तिला क्षमा करो," म्हातारी म्हणाली, जसं म्हणायचं असतं तसं, आणि निघायला वळली.

"आजी, थांबा," वेनेत्का म्हणाली. तिने डब्यात पुन्हा हात घातला, दुसरी मूठ भरली, आधीच्याहून थोडी मोठी, आणि म्हातारीच्या हातावर ठेवली.

"ही त्या दुसरीच्या नावाने."